फायनल ड्राफ्ट नाही म्हणून पटकथा अडत नाही

"सिनेमात जायचंय? मग फायनल ड्राफ्ट घ्याच. वर्ड नाहीतर गुगल डॉक्समधली पटकथा निर्माता उघडतसुद्धा नाही. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हे गणित त्याशिवाय जमत नाही. पैसे नसतील तर क्रॅक टाका, पण मोबाइलवर खरडत बसू नका." रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय. फायनल ड्राफ्ट म्हणजे पटकथा लिहायचं विकतचं सॉफ्टवेअर, आणि क्रॅक म्हणजे पैसे न देता चालवायची त्याची चोरटी कॉपी. मजकुरातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, पण ती ज्यांना लागू पडते ते या ग्रुपवर नाहीत.

आधी निर्मात्याचं. त्याच्याकडे वाचायला जाते ती पीडीएफ. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची ऑनलाइन नोंदणी करतानाही पीडीएफच चढवायची असते. सीनची ओळ, कृती, पात्राचं नाव आणि संवाद नजरेला वेगळे दिसले की वाचणाऱ्याचं काम झालं. वर्डमध्ये चार स्टाइल एकदा बसवल्या की तेवढं होतं.

अर्धं खरं ते शूटिंगचं. सीन नंबर लॉक करणं (पुढे बदल झाले तरी ते हलू नयेत म्हणून), बदललेली पानं वेगळ्या रंगात काढणं, असिस्टंट डायरेक्टरने ब्रेकडाउन (कुठल्या सीनला काय लागेल त्याची यादी) करून शेड्यूल लावणं, यासाठी फायनल ड्राफ्टची एफडीएक्स फाइल खरंच सोयीची पडते. पण ती फाइल फेड इन आणि रायटरड्युएट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधूनही निघते, आणि रायटरड्युएटमध्ये पहिल्या तीन पटकथा फुकट आहेत. पहिला खर्डाही झाला नसताना शेड्यूलची काळजी कशाला?

ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही तो प्रश्न लिपीचा. 2018 साली 11वी आवृत्ती येईपर्यंत फायनल ड्राफ्टमध्ये पूर्ण युनिकोड (देवनागरीसारख्या लिप्या टाइप करायची सोय) नव्हतं. म्हणून संवाद रोमनमध्ये लिहायची सवय पडली, आणि ती अजून सुटलेली नाही. मालवणी संवाद रोमनमध्ये गेला की अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ नटाच्या मर्जीवर. शहरातून आलेला नट त्याचं काय करतो ते सेटवर ऐकावं लागतं! म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात जोडाक्षरांनी भरलेलं एक पान टाइप करा, पीडीएफ काढा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

2012 साली आलेली फाउंटन ही साध्या मजकुरात पटकथा लिहायची फुकट पद्धत मला सगळ्यात पसंत. फक्त ती पात्राचं नाव रोमन कॅपिटल अक्षरांवरून ओळखते, आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत. उपाय तिच्यातच आहे: पात्राच्या नावाआधी @, सीनच्या ओळीआधी टिंब आणि कृतीची ओळ चुकीची ओळखली गेली तर तिच्याआधी उद्गारचिन्ह.

पान-मिनिटाचं गणित 12 पॉइंटच्या कुरिअर या इंग्रजी फॉन्टवर बसवलेलं आहे, आणि कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. दुसरा फॉन्ट आला की ओळींची उंची बदलते, पानं वाढतात. मुळात तो अंदाजच. 'पालखी सहाणेवर नाचते' (सहाण म्हणजे पालखी ठेवायचा चौथरा) ही एक ओळ पडद्यावर पाच मिनिटं खाऊ शकते. त्यापेक्षा संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

मोबाइलला नाक मुरडणाऱ्याने आमच्याकडचा जुलै काढून बघावा. तारेवर झाड पडलं की लाइट जाते, मागोमाग नेटही. गुगल डॉक्सची फाइल फोनवर ऑफलाइन उघडी ठेवता येते, मराठी कीबोर्ड आत असतोच. नेटशिवाय न चालणारं सॉफ्टवेअर तेव्हा कितीही भारी असलं तरी उपयोग शून्य.

क्रॅकबद्दल फार बोलायला नको. ती चोरी आहे, आणि त्यासोबत व्हायरस आला तर पटकथेसकट लॅपटॉप जातो. फायनल ड्राफ्टचा परवाना 200 ते 250 डॉलरच्या घरात, म्हणजे साधारण 20,000 रुपये. तेवढे हाताशी असतील आणि शूट समुद्रावर असेल, तर आधी बरा माइक आणि त्याचं वारा अडवणारं केसाळ कव्हर घ्या.