आडवं झालं की दम लागतो

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला तेव्हा तिला 22वा आठवडा लागला होता. "मावशी, डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाचा इको काढायला सांगितलाय आणि घरात महाभारत पेटलंय." पेटवणारे अर्थात तिचे काका. अनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी) झाला, हृदयाचे चारही कप्पे नीट आहेत असं रिपोर्टात आलं, मग पुन्हा तेच कशाला? वर मलाही टोला: "तुमच्या अमेरिकेत नसेल असली दुकानदारी."

आहे हो, इथेही आहे. पण या वेळी कारण होतं. भाचीला गर्भारपणाच्या आधीपासून मधुमेह आहे. बाळाच्या हृदयाची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच उरकते, बाईला दिवस गेल्याचं कळून तेव्हा जेमतेम महिना झालेला असतो. त्या काळात आईची साखर चढलेली असली तर हृदयात दोष राहण्याची शक्यता वाढते. अनॉमली स्कॅनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळं बाळ बघायचं असतं. इकोत फक्त हृदय: झडपा, पडदे, मोठ्या रक्तवाहिन्या कुठून निघतात, रक्त कुठल्या दिशेनं वाहतं.

काकांना मी हेही सांगितलं की शंभरातल्या साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि त्यांतल्या बहुतेक आयांना ना मधुमेह असतो ना घरात कुणाला हृदयाचा त्रास. "मग सगळ्यांचाच इको काढायचा का?" प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर ऑक्सिमीटरपाशी आहे, त्याकडे येते.

इकोत खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र दिसलं. अशी छिद्रं पुष्कळदा आपली आपण बुजतात, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तरी ताईचं पहिलं वाक्य "बाहेर कुणाजवळ बोलू नका" आणि दुसरं, "साखर आधीच सांभाळली असतीस तर!" दुसऱ्या वाक्यावर मी ताईशी भांडले.

मग गाडी कायद्यावर घसरली. गर्भपाताचा विषयच नव्हता, पण आपल्याकडे सोनोग्राफीचं बोलणं तिथपर्यंत गेल्याशिवाय संपत नाही. 2008 साली एक दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. बाळाच्या हृदयात पूर्ण हार्ट ब्लॉक (ठोक्याचा इशारा वरच्या कप्प्यांतून खाली पोचतच नाही), गर्भपाताची तेव्हाची 20 आठवड्यांची मुदत उलटलेली. परवानगी मिळाली नाही. 2021च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळापुढे जाता येतं. काकांना हे अपुरं वाटतं. "अमेरिकेत बघा!" बघतेच आहे. जून 2022मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेतला, त्यानंतर इथे राज्य बदललं की कायदा बदलतो. मी राहते त्या न्यू जर्सीत हा निर्णय बाईचा आहे. टेक्ससमध्ये बाळ जगणार नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी तेवढ्यावर गर्भपात करता येत नाही. या बाबतीत मला आपला कायदा अधिक माणुसकीचा वाटतो, मंडळापर्यंत पोचण्याची धावपळ धरूनही.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर एक अगदी साधी गोष्ट घ्यावी. 2012 साली माझी मुलगी झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या उजव्या हाताला आणि मग पायाला ऑक्सिमीटरचा पट्टीसारखा प्रोब गुंडाळला. दोन्हीकडे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 95 किंवा वर हवा आणि दोन्हींत 3 पेक्षा जास्त फरक नको. काही मिनिटांत काम झालं, मुलगी जागीसुद्धा झाली नाही. प्रत्येक नवजात बाळाला ही तपासणी सक्तीची करून ऑगस्ट 2011पासून प्रत्यक्ष अमलात आणणारं न्यू जर्सी हे इथलं पहिलं राज्य. यातून सगळं सापडत नाही. महाधमनी आकसलेली असेल तर निसटू शकते, भाचीच्या बाळासारखं छिद्र तर दिसतच नाही. पण वरकरणी गुलाबी दिसणारं आणि घरी गेल्यावर कोसळणारं बाळ वेळेत हाती लागू शकतं. काका, सगळ्यांचा इको नको. सगळ्यांच्या पायाला प्रोब हवा.

आता त्याच इस्पितळाची दुसरी बाजू. घरी आल्यावर दहाव्या दिवशी मला आडवं होता येईना. चार उशांना टेकूनही श्वास पुरेना, शेवटी खुर्चीत बसून रात्र काढली. इस्पितळात फोन केला, तर फोनवरच्या बाई म्हणाल्या, नव्या आईची झोप अपुरी होते, विश्रांती घ्या. तीन दिवसांनी इमर्जन्सीत इको काढला, तेव्हा हृदयाची पंपिंगची ताकद 35 टक्क्यांवर आलेली. बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यापासून नंतरच्या पाच महिन्यांपर्यंत ही कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा आजार, गाठू शकते. मी वर्षभरात सावरले. ज्या राज्यानं बाळाच्या हृदयासाठी कायदा केला, तिथे आईच्या हृदयाची दखल घ्यायला टेलिफोनवरची एक बाई होती, आणि तिनंही घेतली नाही.

आपल्याकडे हे "होतंच या दिवसांत" आणखी महागात पडतं, कारण रुमॅटिक तापानं झडप आकसलेल्या कितीतरी बायका आहेत आणि पुष्कळजणींना ते ठाऊक नसतं. गर्भारपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं वाढतं, तेव्हा ती झडप बोलू लागते: जिना चढताना धाप, रात्रीचा कोरडा खोकला, उशा वाढत जाणं. हे विचारायला मशीनही लागत नाही.

भाची बाळंत झाली. त्या इस्पितळात बाळ निळसर दिसलं तरच ऑक्सिमीटर लावायची पद्धत. काकांनी हौसेनं करोनातला बोटाचा ऑक्सिमीटर कपाटातून काढून नेला. तो बाळाला चालत नाही हे मी ओरडून सांगितलं. मग भाचीनंच नर्सला विनवलं, एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) लहानग्यांचा प्रोब आला. हात 97, पाय 98. काकांनी आकड्यांचा फोटो सगळ्यांना पाठवला.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी मागून घेतला. बाळाच्या लसींच्या तारखा होत्या, सहा आठवड्यांनी बाळाचा इको होता. बाळंतिणीच्या नावापुढे टाक्यांची तारीख तेवढी. त्याखाली ताईनं पेनानं लिहिलं: बीपी, दर चार दिवसांनी. आणि कंसात, उशा किती.