लुर्डला जाताय? आधी फोन चार्ज करा

नुकताच एका ग्रुपबरोबर लुर्डची, म्हणजे फ्रान्समधल्या मरियामातेच्या तीर्थक्षेत्राची, यात्रा करून आलो. यंदा तुमचाही बेत असेल, तर एका दिवसात मिस्सा (चर्चमधली उपासना), दर्शन, फोटो आणि खरेदी सगळं कसं बसवायचं, ते आमच्या ग्रुपकडून शिकून घ्या.

लॉबीत सातला जमायचं असेल तर पावणेआठला उतरावं. मिस्सेसाठी चॅपल ठरावीक वेळेपुरतंच मिळालेलं असतं आणि मागचा ग्रुप दारात ताटकळत असतो, पण तो त्यांचा प्रश्न. "फादर, आमच्यासाठी थांबलात ना?" असं लाडात विचारलं की फादर हसतात. बिचारे करणार काय?

जिला इथे मरियामातेचं दर्शन झालं, त्या बर्नादेतचं घर दोन मिनिटांत उरकावं. सहा माणसांचं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एकाच खोलीत राहायचं, हे गाईड सांगत असतानाच "एवढंसंच?" म्हणून बाहेर पडावं. दुकानं जवळच आहेत.

ते दर्शन झालं त्या गुहेपाशी शांतता पाळायची असते. म्हणून व्हिडिओ कॉल स्पीकरवरच लावावा.

नळावर पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन भरावेत. १८५८ साली चौदा वर्षांच्या बर्नादेतने हाताने चिखल उकरला तेव्हा हा झरा लागला. आपल्याला तर नुसता नळ सोडायचाय. बहुतेक विमानतळांवर केबिन बॅगेत १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, हे टूर लीडर सांगेल. ऐकू नये. सिक्युरिटीवाल्याने पाणी काढून घेतलं तर पाप त्याच्या माथी.

पाच वाजता साक्रामेंताची, म्हणजे पवित्र भाकरीची, मिरवणूक असते. तेवढ्यात बॅगा भरून घ्याव्यात.

रात्री नऊची मेणबत्त्यांची मिरवणूक मात्र चुकवू नये, कारण व्हिडिओ तिथेच झकास येतो. पुढची जागा आजाऱ्यांसाठी राखलेली असते. तिथेच घुसावं. स्वयंसेवकाने हात जोडून मागे जायला सांगितलं की भाषा कळत नसल्यासारखं करावं आणि त्याची पाठ वळली की पुन्हा पुढे यावं. आमच्यातल्या चौघांनी हेच केलं. सेल्फी स्टिक उंच धरून उभे राहिले, ते थेट एका व्हीलचेअरसमोर. खुर्चीत विशीतला मुलगा होता, मान एका बाजूला कललेली, हातात कागदाच्या शेडमधली मेणबत्ती. गाण्याचं ध्रुपद आलं, हजारो मेणबत्त्या वर गेल्या, आणि त्या पोराला दिसत होत्या चार पाठी. त्याची आई मान वाकडी करून वाट शोधत होती. मी "बाजूला व्हा" म्हटलं, तर उत्तर काय? "आम्हीही पैसे भरूनच आलोय."

कसले पैसे भरलेत तुम्ही? हॉटेलचे आणि विमानाचे. पुढच्या रांगेचे नाही, तिचं तिकीटच नसतं. लुर्डला आजारी माणूस आधी, धडधाकट मागे; स्ट्रेचरवरून, खुर्चीवरून माणसं येतात ती याच भरवशावर. मरियामातेसमोर गुडघे टेकायचे आणि उठल्याबरोबर त्या आईला ढकलून पुढे जायचं? लाज वाटू द्या जरा. तुमचा तो हलता, धूसर व्हिडिओ घरी कुणीही शेवटपर्यंत बघणार नाहीये. फोन खिशात घाला आणि सरका तिथून. मागे मुलगा बसलाय.