‘फ्रान्समध्ये माती, जर्मनीत रक्त’: पाठांतराला सोपं, इतिहासाला गैरसोयीचं

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधलं एक वाक्य हल्ली व्हॉट्सॲपवरही फिरतं: ‘फ्रान्समध्ये जन्मला तो फ्रेंच, जर्मनीत मात्र जर्मन रक्ताचाच जर्मन, हा वंशाचा राष्ट्रवाद होता आणि १८७१मध्ये बिस्मार्कने त्या वंशाला देश मिळवून दिला.’ चार मार्कांच्या उत्तराला ठीक आहे. कायदे वाचले की पंचाईत होते.

आधी फ्रान्स. बापाकडून मुलाला राष्ट्रीयत्व, हा नियम १८०४च्या नागरी संहितेत फ्रान्सनेच घातला. खुद्द नेपोलियनचा कल जन्मभूमीकडे होता, पण त्याचं चाललं नाही. मातीचं, म्हणजे जन्मस्थळाचं, वजन वाढलं ते १८५१ आणि १८८९च्या कायद्यांनी, आणि त्यामागे उदारपणापेक्षा ‘परक्यांची पोरं इथेच जन्मून लष्करभरतीतून सुटतात’ ही कुरकुर जास्त होती.

आता ते ‘रक्त’. १८७१पूर्वी जर्मनी हा एक देश नव्हता, अनेक राज्यं होती; त्यांतलं एक बलाढ्य राज्य प्रशिया. त्याचा प्रजाजनत्वाचा कायदा ३१ डिसेंबर १८४२चा. नुसतं राहून प्रजाजन होता येणार नाही. जन्माने, लग्नाने किंवा सरकारी मंजुरीनेच, असं त्यात ठरलं. पण जन्म कोणाच्या पोटी? प्रशियाच्या प्रजाजनाच्या. प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेन प्रांतातल्या पोलिश बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्याचं पोर जन्मतःच प्रशियन. प्रशियाच्या राजधानीत, बर्लिनमध्ये, येऊन राहिलेला सॅक्सनी या दुसऱ्या जर्मन राज्याचा कारागीर मात्र परका. सातबाऱ्यावर वारस लागावा तसा हा प्रकार: बापाचं नाव दप्तरी आहे का, एवढाच प्रश्न. त्याच तारखेला गरिबांच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणत्या गावाची, हे ठरवणारा कायदाही निघाला. ‘हा आमचा’ म्हणण्यामागे ‘याला पोसायचं कोणी’ हा हिशेबही होता.

आणि रक्तच सर्वस्व असतं तर ते दहा वर्षांत आटलं कसं? १८७०च्या जर्मन कायद्याप्रमाणे दक्षिण ब्राझीलमध्ये जंगल तोडून शेती करणारा जर्मन सलग दहा वर्षं बाहेर राहिला आणि वकिलातीत नाव नोंदवलं नाही, तर त्याचं नागरिकत्व जायचं. हा नियम १९१३मध्ये काढला. नोट्समधलं जर्मनीचं चित्र खरं तर तेव्हापासूनचं. ते मागे ढकलून अख्ख्या शतकाला चिकटवलंय.

बिस्मार्कचं थोडक्यात. त्याने जर्मन राज्यं जोडून उभ्या केलेल्या साम्राज्यात ऑस्ट्रियातले, व्हिएन्नाचे जर्मन नव्हते; पोलिश, डॅनिश आणि फ्रान्सकडून घेतलेल्या लोरेनचे फ्रेंच बोलणारे होते. ‘जर्मन नागरिक’ व्हायलाही आधी बव्हेरियाचं, प्रशियाचं किंवा दुसऱ्या एखाद्या घटक राज्याचं व्हावं लागे. राज्यांची ही वेगवेगळी नागरिकत्वं मोडली नाझी सरकारने, १९३४मध्ये.

‘राष्ट्रवाद पहिल्यापासून वंशाचाच’ हेही अर्धंच. जर्मन राष्ट्रवादाचा आद्य तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्या फिख्टेने १८०७-०८च्या बर्लिनमधल्या व्याख्यानांत भर दिला तो भाषेवर. फ्रांकफुर्टमध्ये भरलेल्या जर्मन राष्ट्रीय सभेची १८४९ची राज्यघटना अमलात आली नाही, पण तिचं १३१वं कलम बघा: जर्मन राष्ट्र म्हणजे साम्राज्यातल्या राज्यांचे प्रजाजन. वंशाचा उल्लेख नाही. १८८व्या कलमात तर जर्मन न बोलणाऱ्यांच्या भाषांना त्यांच्या मुलखात शाळा, चर्च, प्रशासन आणि न्यायालयात बरोबरीची हमी आहे. (त्याच सभेत पोलिश लोकांबद्दल जे बोललं गेलं ते मात्र इतकं गोड नव्हतं.)

म्हणजे भेदभाव नव्हता असं नाही. भरपूर होता, फक्त तो या व्याख्यांपेक्षा मंजुरी देणाऱ्या साहेबाच्या टेबलावर जास्त होता. परक्याला नागरिक करून घ्यायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि पूर्वेकडच्या पोलिश व ज्यू अर्जदारांबाबत ती मर्जी सहसा होत नसे. १८८५मध्ये प्रशियाने रशिया आणि ऑस्ट्रियाच्या ३०,०००हून अधिक पोलिश व ज्यू प्रजाजनांना हाकलायला सुरुवात केली. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षं तिथेच राबत होते, काही तर जन्मलेलेही तिथेच. शेजारचा पोलिश शेतकरी मात्र घरातच राहिला. त्याच्या बापाचं नाव प्रशियाच्या दप्तरी होतं.