नऊ बाटल्या आगळ

आईनं केलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, इंटरनेटवर विकायचं, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा वैशाख संपत आला होता. आमच्या गुहागरकडे वैशाखात सुचलेलं काम पावसाआधी उरकलं नाही, तर ते थेट दिवाळीनंतर आठवतं. म्हणून घाई केली. घाई नसती केली तर बरं झालं असतं, पण ते पुढे येईलच.

ऑनलाईन दुकानाच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे स्वतःचं घर. वूकॉमर्ससारखं दुकान मांडायचं सॉफ्टवेअर घ्यायचं, सर्व्हर बघायचा, सगळं आपण बसवायचं. म्हणजे पावसाआधी कौलं परतायला वर चढायचं तेही आपणच. दुसरी म्हणजे भाड्याचा गाळा. सर्व्हर त्यांचा, कुलूप त्यांचं, गळलं तर बघणार ते. आपण महिन्याचं भाडं भरायचं आणि माल मांडायचा. गेल्या वर्षी कौलं परतताना माझा पाय वाश्यांतून थेट माजघरात लोंबला होता, त्यामुळे मी गाळा घेतला. कुणाचा ते सांगत नाही. पुढचा सगळा घोळ आमच्या घरचा आहे, त्यात त्या बिचाऱ्यांना कशाला ओढा.

आईला धीर यावा म्हणून शॉपिफायची गोष्ट सांगितली. कॅनडात, ओटावाला, २००४ साली काही जणांना बर्फावरून घसरायच्या फळ्या ऑनलाईन विकायच्या होत्या. मनासारखं तयार दुकान मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच बांधलं. आणि २००६ मध्ये फळ्या राहिल्या बाजूला, दुकानंच लोकांना भाड्यानं द्यायला लागले.

आई रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती. "घसरायला पैसे मोजतात?" म्हणाली. "श्रावणात आपल्या पायऱ्यांवर पाठव त्यांना."

पहिला दिवस फोटोत गेला. पार्श्वभूमी पांढरी हवी म्हणून बाबांचं पूजेचं धोतर पडवीत अंथरलं. आमसूल ही खायची वस्तू आहे, बघायची नाही, हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं ते कॅमेऱ्यातून कळलं. रसाची पुटं देऊन देऊन उन्हात वाळवलेली ती अस्सल सालं फोटोत फाटक्या वहाणेचे अंगठे दिसत होती. मग आगळाची बाटली उन्हात धरली. ती मात्र माणकासारखी दिसली. दिसता दिसता झाकणातून एक थेंब धोतरावर पडला. रातांब्याचा डाग जात नाही. बाबा आता ते धोतर नेसले की डाग निऱ्यांत लपवतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

मग माल नोंदवायचा फॉर्म. रंग कोणता, साईझ कोणती, हे त्याला आधी हवं होतं. लेबलावर काय काय लागतं त्याची यादी वेगळीच: वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका, आणि कधीपर्यंत टिकेल ते. "टिकेल म्हणजे?" आई म्हणाली. "मीठ आहे त्यात. ते काय दूध आहे?"

पण खरी गंमत पुढच्या रकान्यात होती. तिथं एवढंच विचारलं होतं: शिल्लक माल किती?

माळ्यावर जाऊन मोजल्या. अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. मी ४० टाकलं.

"चाळीस कशा?" आई खालून म्हणाली. "त्यातल्या वन्संच्या चार."

वन्स म्हणजे माझी आत्या, डोंबिवलीची. ३६ केलं.

"मावशीच्या तीन. पुण्याला तीन. डॉक्टरांची एक, ते पैसे घेत नाहीत. पोस्टमनची एक." २८. "गणपतीला सगळे येतील, त्यांच्या सोलकढीला सहा. देवळातल्या उत्सवाला पाच. आणि आपण काय वर्षभर चिंच खायची? पाच."

१२ उरल्या. हे तरी पक्कं का, म्हणून विचारलं, तर ती बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली. "आयत्या वेळी कोणी आलं तर? तीन ठेव."

जगाच्या बाजारपेठेत आम्ही नऊ बाटल्यांनिशी उतरलो.

पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे लागतो, आणि त्याला पॅन, पासबुक, शिवाय साईटवर माल परतीचं धोरण लागतं. ओटीपीची कथा थोडक्यात सांगतो: लॅपटॉप ओटीवर, रेंज विहिरीपाशी. ओटीवर ओटीपी येत नाही. आकडे पाठ करत आगरातून मी इतक्या वेळा धावलो की शेजारच्या काकूंनी पोटाचं विचारलं.

परतीच्या धोरणाचा तयार नमुना मिळतो. तो आईला मराठीत वाचून दाखवला: ३० दिवसांच्या आत, न वापरलेलं, मूळ टॅगसकट परत.

"न वापरलेलं? मग घेतलं कशाला?"

"समजा, नाही आवडलं."

"कढी करता येत नसेल. त्याला आगळ काय करणार?" जरा थांबून, "आणि उघडलेली बाटली परत घ्यायची? कुठले हात लागलेले असतील!"

शेवटी तिनं सांगितलं ते मी लिहिलं. खाण्याचा पदार्थ परत घेतला जाणार नाही, पैसेही परत मिळणार नाहीत, वाटेत सांडलं तर दुसरी बाटली पाठवू. धोरण म्हणून मला ते नमुन्यापेक्षा उजवं वाटलं. अजूनही वाटतं.

राहिलं पाठवणं. पाऊण किलोची बाटली फुटू नये म्हणून आईनं भाताचा पेंढा असा ठासून भरला, की आत बाळ निजवावं. खोकं झालं ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटर. चिपळूणच्या कुरियरवाल्यानं टेप लावली, तिघांचा गुणाकार केला, ५००० नं भागलं आणि म्हणाला, "तीन किलो." मी म्हटलं, अहो उचलून तरी बघा. "वजन जागेचं असतं," तो म्हणाला. म्हणजे भाडं आगळाचं नव्हे, पेंढ्याचं. परतीच्या एसटीत मी खोकं मांडीवर घेऊन बसलो आणि घरी येऊन गुपचूप निम्मा पेंढा गाईला घातला.

दुकान उघडलं. आठ दिवस काही नाही. मध्ये एकदा फोन टुणकन वाजला, तर ती मीच चाचणीसाठी टाकलेली ऑर्डर होती, आणि मी सांगेपर्यंत आईनं ती बांधलीही होती.

नवव्या दिवशी खरी आली. दोन बाटल्या, पैसे आगाऊ, पत्ता डोंबिवलीचा. मी ओटीवरूनच ओरडलो, "आई, पहिलं गिऱ्हाईक! आत्याच आहे!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. "वन्संकडून पैसे घेतलेस?"

"अगं, तिनंच भरले. कौतुकानं."

"ती भरेल! चार ठिकाणी सांगेलही, वहिनीनं आगळाचे पैसे लावले म्हणून. आधी परत कर."

आपलं धोरण तिला दाखवलं. तिनं ते वाचलंही नाही. मी विहिरीपाशी गेलो, ओटीपी आणला, पैसे परत केले. गेटवेनं शेकडा दोन कापले होते ते काही परत आले नाहीत. कुरियरही आमच्याच खिशातून.

रात्री हिशेबाला बसलो. साईटवर आकडा आपोआप उतरून ७ झाला होता.

"सात कुठले?" आई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली. "वन्संच्या चार बाजूला आहेत ना, त्यातल्या दोन गेल्या. तू परत नऊ कर."