समुद्र घरी नाही

बडोद्याच्या मराठी घरात पाहुणे उतरले की पहिले दोन दिवस सुखाचे. लक्ष्मीविलास, कीर्तिमंदिर, सूरसागर, सेव-उसळ. पाहुणे गिरगावचे किंवा रत्नागिरीकडचे असतील तर तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, "जवळपास समुद्र नाही का हो?" 'नाही' म्हणणं आम्हा बडोदेकरांच्या अभिमानात बसत नाही. आम्ही छाती काढून सांगतो, "आहे की! खंबायत!"

वासद, बोरसद करत पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. वाटेत मी इतिहास पाजतो: १५८३ साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथनं अकबराला पत्र धाडलं, तेव्हा त्यात त्याला 'खंबायतचा राजा' म्हटलं होतं, एवढा या बंदराचा दबदबा. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं तरळू लागतात. मग आपण किनाऱ्यावर पोचतो आणि समोर असतो चिखल. नजर जाईल तिथवर करडा, चकाकणारा चिखल.

"समुद्र कुठाय?" आत्या विचारतात.

"बाहेर गेलाय. येईल."

कोकणातल्या पाहुण्यांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी म्हणजे साडेसात. मुंबईला हे गणित चालतं, खंबायतेत आपटतं. आखाताच्या तोंडापासून टोकापर्यंत चढायला भरतीला काही तास लागतात. शिवाय आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यामुळे पाणी उशिरा आलं तरी चढतं भलतंच. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. एवढं पाणी निघून गेल्यावर मागे उरतो तो मही आणि साबरमतीनं आणून ओतलेला गाळ. बंदराचा जीव घेतला तोही यानंच.

म्हणून भावनगरची भरतीची वेळ बघावी, इथे त्याहून थोडी उशिराच धरावी आणि तासभर आधी पोचावं. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा परवाच्या वेळेवर आज जाऊ नये. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, घरीच बसावं. आणि फोटोसाठी चिखलात उतरू पाहणाऱ्या भाऊजींना दंडाला धरून मागे ओढावं. पाय रुततो, चप्पल आत राहते, आणि परतणारं पाणी भाऊजींपेक्षा चपळ असतं.

पाणी येईपर्यंतचा वेळ काढायला गावात अकीक, म्हणजे माळांसाठी घडवतात तो रंगीत दगड, आहे, आणि खरं म्हणजे खंबायतेला यावं ते यासाठीच. दगड मूळचा इथला नाही. तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडून येतो. आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहामुळे पिवळट-तपकिरी रंग लाल होतो. घाई करून आच वाढवली की दगड तडकतो. घडवायची रीत उलटी: जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्यावर दगडाची कड टेकवायची आणि वरून शिंगाच्या हातोडीनं टोला हाणायचा. कपची सळईच्या बाजूनं उडते. पोरांना लांब उभं करावं.

माळ घेताना आत्या फक्त रंग बघतात. बघायचं भोक. मणी दोन्हीकडून भोक पाडून मधे मिळवतात. नेम चुकला तर आत पायरी राहते आणि दोरा तिथेच घासून तुटतो. काच असेल तर आत बुडबुडे दिसतात. दगड गालाला लावला की गार लागतो, पण दुकानात सगळ्या माळा गालाला लावत बसणाऱ्या आत्यांकडे बाकीचं गिऱ्हाईक बघू लागतं. त्या भाव पाडायला लागल्या की मात्र मी मधे पडतो. या धंद्यात दगडाच्या धुळीनं कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. तिथे वीस रुपयांसाठी घासाघीस बघवत नाही.

जामा मशीद १३२५ ची. आवार मोठं, खांबांची रांग बघण्यासारखी, शेजारी संगमरवरी कबर. डोकं-पाय झाकून जावं, शुक्रवारची दुपार टाळावी. भाऊजी इथे कंटाळतात.

मग खाऊ. हलवासन म्हणजे दूध, गव्हाचा भरडा, डिंक, तूप आणि करपवलेली साखर आटवून केलेली तपकिरी चकती, वर जायफळ-वेलची. प्रवासाला हा गडी भरवशाचा. सुतरफेणी मात्र नाजूक. डबा मांडीवर धरायचा, डिकीत ठेवायचा नाही, आणि वरती अकिकाच्या पिशव्या तर मुळीच नाही. बोरसदच्या खड्ड्यांनंतर डबा उघडला तर आत गोड शेवयांचा भुगा निघतो. आत्या तो दुधात घालून खातात आणि म्हणतात, "आमच्या दापोलीच्या समुद्राला मात्र वेळ विचारावी लागत नाही हो."