रिमोटनेच बंद करा

ओएलईडी टीव्हीवर (यात पडद्याचा प्रत्येक बारीक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतःच उजळतो) न हलणाऱ्या चित्राचे कायमचे डाग पडू नयेत, यावरचा लेख वाचला. ब्राइटनेस कमी ठेवा, एकच चॅनल तासन्‌तास लावू नका, हे त्यातले सल्ले योग्यच. पण आपल्याकडची एक सवय त्यात राहून गेली: रात्री टीव्ही भिंतीवरच्या बटणानेच बंद करणं. ओएलईडीला ते चांगलं नाही. बऱ्याच ओएलईडी टीव्हींत साधारण ४ तासांच्या वापरानंतर, संच स्टँडबायमध्ये (रिमोटने बंद, पण वीज चालू) असताना पिक्सेलची असमान झीज भरून काढणारी प्रक्रिया आपोआप चालते. वीजच तोडली तर ती होणार कधी? स्टँडबायचं बिल नगण्य असतं.

आर्टिंग्ज या संकेतस्थळाने २०१८ मध्ये एलजीचे ६ ओएलईडी रोज तासन्‌तास चालवून बघायला घेतले. सीएनएन ही वृत्तवाहिनी लावलेल्या संचांवर डाग उमटले, पूर्ण ब्राइटनेसवाल्यावर तर ठळक. आपल्या मराठी बातम्यांच्या वाहिन्यांवर लाल पट्ट्या, लोगो, घड्याळ, ब्रेकिंगची पाटी असा अर्धा पडदा जागचा हलत नाही (बातमी कुठे असते ते शोधावं लागतं!).

म्हणून घरात आजोबा दिवसभर बातम्या लावत असतील तर सरळ एलईडी किंवा क्यूएलईडी घ्या. त्यांत एलसीडी पॅनल असतं, कायमचा डाग सहसा पडत नाही. फक्त सिनेमे आणि अधूनमधून आयपीएल बघणाऱ्यांनी स्कोअरपट्टीचा धसका घ्यायचं कारण नाही.