कोपऱ्यातली बादली

आज एका हॉलमध्ये गाण्याच्या तालमीला गेलो होतो. आत शिरतानाच पाटी: 'आपापल्या वाद्यांची जबाबदारी आपली. नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही.' अशा पाट्या चपलांसाठी असतात, गाड्यांसाठी असतात, आपण वाचतही नाही. पण आज टाळकं सरकलं. पाटीच्या बरोब्बर वर भिंतीला ओल होती आणि रंगाचे पोपडे लोंबत होते. म्हणजे ह्यांना भिंत दिसते. भिंत दुरुस्त करायच्या ऐवजी पाटी रंगवून घेतली. आणि वर भाडंही घेतात!

माझं डोकं ह्या विषयावर का फिरतं ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जण दर आठवड्याला जमून गायचो. जागा नव्हती. माझ्या एका मित्राची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी पडून होती. मी शब्द टाकला, त्यानं किल्ली दिली. एक पैसा घेतला नाही. आमच्यात एक ताई होत्या, वयानं, गाण्यानं, सगळ्यातच मोठ्या. तंबोरा त्यांचा. तो दर वेळी जिन्यावरून चढवायचा-उतरवायचा म्हणजे जीव मुठीत. भोपळा शेवटी वाळवलेलं फळच, आतून पोकळ. कठड्याचा एक टोला बसला की कारभार आटोपला. म्हणून मीच म्हणालो, "ताई, इथंच राहू द्या की. कुलूप असतं. काय होतंय?"

त्याच रात्री पाऊस आला. छत त्या कोपऱ्यात गळलं. गवसणी, म्हणजे वरची खोळ, भिजली, आणि ती ओली गवसणी तशीच तंबोऱ्याला कवटाळून बसली. आम्ही दार उघडलं पुढच्या आठवड्यात. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, फुगलेली, तिचा भोपळ्याशी सांधा सुटलेला. सांधा ज्यानं चिकटवतात त्या सरसाचं तसंच असतं, ओल लागली की धरलेलं सोडून देतो. त्यात लाकूड भिजलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं, पण भोपळा काही त्याच्या बरोबरीनं फुगत-आकसत नाही. ह्या ओढाताणीत भोपळ्याला कडेपासून वीतभर चीर गेली.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो कोपरा गळतोच. म्हणून तर बादली ठेवली होती तिथं!"

बादली. हो, होती. निळी, रिकामी. मला वाटलं फरशी पुसायची असेल.

आता मला सांगा, बादली म्हणजे सूचना होते का? तोंड दिलंय ना देवानं? किल्ली देताना 'तो कोपरा सोडा' एवढे तीन शब्द बोलायला काय लागत होतं?

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं: फुकट जागा दिली, वर भरपाईही त्यानंच करायची का? आमच्यातल्याच दोघा-तिघांनी हे तेव्हा ऐकवलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. आज बसणार नाही. फुकट म्हणजे भाडं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला माहीत असलेलं गिळून टाकायची परवानगी त्यात येत नाही. माझा भाचा वकिली शिकतोय, त्यानं मला एक गंमत सांगितली. सम्राट जस्टिनियननं 533 साली जुन्या रोमन पंडितांच्या मतांचा जो संग्रह कायदा म्हणून लागू केला, त्यात हेच आहे, फक्त छताच्या जागी भांडं. गळकं आहे हे माहीत असून भांडं उसनं दिलं आणि घेणाऱ्यानं ओतलेलं तेल सांडून गेलं, तर भरून देणार भांडं देणारा. उसनं, म्हणजे फुकटच बरं का. आणि पिंप भाड्यानं दिलं असेल तर 'मला कुठं माहीत होतं' हीसुद्धा सबब चालायची नाही. दीड हजार वर्षांपूर्वी लोकांना हे कळत होतं. आमच्या पाटीवाल्यांना कळत नाही.

मान्य आहे, असं बिल फाडायला लागलो तर उद्या कुणी खोली देणार नाही.

आणि 'वाद्य ज्याचं त्यानं सांभाळावं' म्हणणारेही आहेत. ठीक आहे. तबलजीनं उन्हात उभ्या गाडीत तबला ठेवला आणि त्याची कातड्याची पुडी तडकली, तर ते त्याचं त्यानं निस्तरावं. पण ताईंनी काय करायला हवं होतं? शिडी लावून छत तपासायचं? त्यांनी खोली मागितली नव्हती, किल्ली त्यांच्याकडे नव्हती, कोपरा त्यांनी निवडला नव्हता. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला.

नुकसान म्हणजे काय हेही लोकांना समजत नाही. दुरुस्तीचं बिल, बस्स. अहो, तंबोऱ्याला नवा भोपळा म्हणजे खुर्चीचा पाय बदलण्यासारखं आहे का? दोन भोपळे सारखे उगवत नाहीत. तबली त्या एकाच भोपळ्याच्या तोंडाच्या मापानं बसवलेली असते. कारागिरानं चीर भरली, सांधा पुन्हा चिकटवला, जवारी (तारांचा तो गुंजता झणकार) नव्यानं काढली. वाजतो, झकास वाजतो असं सगळे म्हणतात. ताई एवढंच म्हणाल्या की खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, पूर्वी जमिनीतून यायचा, आता समोरून येतो. हे कुठल्या बिलात घालायचं? दुरुस्तीला कित्येक महिने गेले, तेवढे दिवस त्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर गायल्या. एकदा चिरलेल्या वाद्याची किंमतही पूर्वीची राहत नाही, मग डाग दिसो न दिसो. ह्यातलं काहीच कुणी मोजलं नाही. आम्ही सगळे मिळून 'अरेरे' म्हणालो.

दुरुस्तीचे पैसे ताईंनीच दिले. सगळेच्या सगळे.

हे लिहिता लिहिता थांबलो होतो. वर मित्राला बरंच बोललोय. पुसत नाही, कारण ते खरं आहे. पण बादलीची गोष्ट मी अर्धीच सांगितलीय. आजवर अर्धीच सांगत आलोय.

ती बादली कोपऱ्यात होती, आणि मला तंबोरा टेकवायला दोन भिंतींचा आधार हवा होता, म्हणजे कोपराच. मी पायानं बादली बाजूला सरकवली आणि तिच्या जागी तंबोरा उभा केला. तिच्याच जागी. तळाशी पाणी वाळल्याचं पांढरट वर्तुळ दिसलं होतं मला. फरशी पुसायची बादली कोपऱ्यात, अगदी भिंतीला चिकटवून कोण ठेवतं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला. घाई होती.

तर मग कुणी भरायचं? माझ्या मते मित्रानं थोडे, कारण त्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही. उरलेले सगळे मी. जागा मी मागितली, 'काय होतंय' मी म्हणालो, कोपरा मी निवडला. जो मध्ये उभा राहून दुसऱ्याची जागा आणि तिसऱ्याची वस्तू एकत्र आणतो, त्यानंच आधी खिशात हात घालायचा. कौतुकाच्या वेळी 'जागेची सोय ह्यांनी केली' म्हणून मीच हात जोडून उभा होतो ना? मग छत गळल्यावर मी अचानक पाहुणा कसा झालो?

मी पैसे देऊ केले नव्हते असं नाही. विचारलं होतं. "ताई, माझे किती?" ताई म्हणाल्या, "राहू दे रे." आणि मी राहू दिलं. त्या नाही म्हणाल्या तेव्हा मला मनातून हायसं वाटलं, हे आज पहिल्यांदा लिहितोय. देणाऱ्यानं विचारायचं नसतं, दुरुस्ती करणाऱ्याकडे परस्पर जाऊन चुकते करायचे असतात. विचारलं की समोरचा भला माणूस नाहीच म्हणणार. आपण विचारतो ते त्याच भरवशावर.

आता पैसे पाठवले तर ताई परत पाठवतील, मला माहीत आहे. तारांचे दोन संच आणलेत, ते नेऊन देईन, बघू.

मित्राशी बोलणं आहे अजून, पण त्या खोलीचा विषय दोघंही काढत नाही. त्याला टॅग करत नाहीये. वाचेल तेव्हा वाचेल. वाचलंस तर एवढंच सांगतो, बादली सरकवली ती मी. तरी पण तू बोलायला हवं होतंस.

आणि पाटीवाल्यांना सोडलेलं नाही. निघताना तिथल्या माणसाला ती ओल दाखवली. तो म्हणाला, "हो, ते माहीत आहे आम्हाला." मी पाटीकडे बोट केलं. त्याला काही कळलं नाही.

आजची गंमत म्हणजे तालीम संपल्यावर आमच्यातलाच एक मुलगा माझी हार्मोनियम उचलून त्याच भिंतीशी ठेवायला निघाला होता. मनानं चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काका, परवा पुन्हा यायचंच आहे. राहू दे की इथंच, काय होतंय?"

पेटी घेऊन घरी आलोय. खांदा भरून आलाय, तरी बसून हे टाइप करतोय.